लाईन गेल्याचा निरोप

आमच्या गावात वीज जात नाही, लाईन जाते. माझे बाबा लाईनमन होते, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की लाईन आमच्याच घरी विचारून जाते. ती गेली की पाच मिनिटांत कोणीतरी अंगणात उभं असायचं आणि बाबा भरल्या ताटावरून उठायचे. आई चिडायची. लाईन गेली की ती अजूनही चिडते, फक्त आता कारण वेगळं आहे.

बाबांच्या शर्टाचा डावा खिसा कायम लोंबलेला असायचा. त्यात चिनीमातीचे फ्यूज असायचे. कोणीही पोलवर चढण्याआधी बाबा डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे आणि पेटीवर न ठेवता खिशात टाकायचे. वरचा माणूस खाली उतरेपर्यंत ते बाहेर यायचे नाहीत. सरपंच येवो, पाणी द्यायचं राहिलं म्हणून कोणी हातापाया पडो, नाही म्हणजे नाही. यामागे एक गोष्ट होती. त्यांचा जोडीदार एकदा पोलवर असताना खाली पेटीवर ठेवलेले फ्यूज कुण्या घाईतल्या माणसाने परत बसवले. जोडीदार वरून पडला तो पुन्हा उठला नाही. ही गोष्ट बाबांनी मला एकदाच सांगितली. मी शाळेत विजेचा धडा शिकून आले होते आणि घरात फार शहाणपणा करत होते.

"पोलवर मानूस असला का फ्यूज खिशात," ते म्हणाले होते. "मंग कोनाचं आयकाचं नाई."

आता ते रिटायर आहेत. तीस वर्षं बिडी आणि धूळ यांनी फुप्फुसांचं जे करायचं ते केलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की दिवसाचे सोळा तास ऑक्सिजनचं मशीन लावायचं. खाटेशेजारी पेटीएवढं मशीन आलं, नाकात नळी आली. ज्या माणसाने साऱ्या पंचक्रोशीला लाईन दिली त्याचा श्वासच लाईनीवर आला. मला याचा इतका राग येतो की कोणावर काढावा ते कळत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा आईवर निघतो.

मी उमरखेडला एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते, तिथेच खोली करून राहते. आमचं गाव महागावहून आर्णीकडे जाताना एका फाट्यावरून आत आहे. खोलीपासून दारापर्यंत पंचावन्न किलोमीटर. भाऊबहीण नाही. आई दिवसभर शेतात असते, कारण कापूस आणि तूर कोणाच्या फुप्फुसांसाठी थांबत नाहीत. म्हणजे सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत बाबा, मशीन आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढीच माणसं घरात.

लाईन गेली की मशीन बंद. तेव्हा कोपऱ्यातल्या मोठ्या सिलिंडरचा पाना फिरवायचा आणि नळी तिकडे जोडायची. बाबा जागे असले तर हे त्यांना डाव्या हाताचं काम. पण ते झोपलेले असले तर? डॉक्टर म्हणाले होते, ऑक्सिजन हळूहळू कमी झाला की माणूस धडपडत नाही, त्याला गुंगी येते. आणि गुंगीतला माणूस पाना फिरवत नाही. हे वाक्य मी दवाखान्यातून बाहेर पडताना जे सोबत घेतलं ते आजपर्यंत खाली ठेवलेलं नाही.

घरात इन्व्हर्टर होता. त्यावर पंखा आणि दोन बल्ब चालायचे, पण मशीन लावलं की लाईन जाताक्षणीच ते कोकलून बंद पडायचं. त्याच सुमारास कॉलेजने लॅबचे जुने यूपीएस भंगारात काढले. त्यातला एक दणकट, तव्यासारखा काळा, मी रीतसर मागून घेतला. नवीन बॅटऱ्या घातल्या. मशीन त्यावर न कुरकुरता चालायला लागलं. पण बॅटरी पाऊण तासाच्या वर काढणार नव्हती, आणि त्या पाऊण तासात कोणीतरी पाना फिरवायला घरी पोचायला हवं होतं. त्यासाठी लाईन गेली हे मला उमरखेडला कळायला हवं होतं. मला कळलं तर मी बाबांना फोन करीन, ते उठले नाहीत तर आईला, आई शेतातून धावत येईल. सगळं त्या निरोपावर अडलं होतं.

यूपीएसच्या मागे यूएसबीचं चौकोनी भोक होतं, जुन्या प्रिंटरला असतं तसं. माझा एक जुना लॅपटॉप पडून होता. तो आणि नेटचा राउटर इन्व्हर्टरवर सहज चालले असते. वायर जोडायची, यूपीएस लॅपटॉपला सांगेल की लाईन गेली, लॅपटॉप नेटवरून मला मेसेज टाकेल. गौरी-गणपतीच्या सुटीत हे काम दोन तासांत उरकायचं आणि मग गौरीच्या जेवणाला आईला मदत करायची, असं ठरवून मी घरी आले. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. मी त्या लॅपटॉपसमोरून उठले नाही.

यूपीएस आणि कॉम्प्युटर यांच्यात एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवा यूपीएस वायर लावली की आपलं नावगाव सांगतो. हा जुना काही म्हणजे काही सांगायला तयार नव्हता. लॅपटॉपवर फक्त दोन आकडे उमटले आणि त्यांच्यामध्ये दोन टिंबं. ते आकडे नेटवर शोधले तेव्हा कळलं की निरनिराळ्या कंपन्यांच्या कितीतरी डब्यांच्या पोटात तीच चिप आहे आणि सगळे हेच दोन आकडे सांगतात. बसस्टँडवर "ओ भाऊ" अशी हाक मारावी आणि सगळ्यांनी वळून पाहावं, तसं ते होतं.

त्या ड्रायव्हरला पाच-सहा बोल्या येत होत्या. यातली आपल्या यूपीएसची कोणती हे तो ओळखू शकत नव्हता, ते आपण फाईलमध्ये लिहायचं. पहिली बोली लिहिली तर उत्तर आलं की परवानगी नाही. परवानगीचा नियम वेगळ्या फाईलमध्ये लिहावा लागतो, तो लिहिला. तरी परवानगी नाहीच. नियम लिहिल्यावर वायर एकदा काढून परत लावायची असते एवढी साधी गोष्ट मला सुचायला अख्खा दिवस गेला. कॉलेजात मी पोरांना सांगते, आधी वायर पाहा. स्वतःच्या घरी मात्र उंटावरून शेळ्या हाकत बसले होते.

बाबा खाटेवरून पाहत होते.

"काय म्हनते डब्बा?"

"बोलत नाही, बाबा."

"नवा जवाई असंन. दोन दिस बोलत नाई थो."

दुसऱ्या बोलीला उत्तर आलं ते सगळं चौकोन आणि प्रश्नचिन्हांचं. तिसरीला लॅपटॉपच अडकला. चौथी लिहून मी ड्रायव्हर सुरू केला आणि ओळीमागून ओळी आल्या. लाईन दोनशे एकतीस. बॅटरी सत्तावीस पॉइंट दोन. मी ओरडलेच. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि तिला वाटलं बाबांना काही झालं. तिचा चेहरा पाहून मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

तरी काम संपलं नव्हतं. जुन्या यूपीएसला आपल्या बॅटरीत किती टक्के उरलं हे माहीत नसतं. तो फक्त व्होल्ट सांगतो. भरलेली म्हणजे किती व्होल्ट आणि संपलेली म्हणजे किती, हे आपण लिहून द्यायचं, मग ड्रायव्हर त्याचा हिशोब लावतो. नेटवर कोणीतरी आपल्या यूपीएसचे आकडे टाकले होते. मी तेच उतरवायला लागले.

"हे कुठून आनले?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

"दुसऱ्याच्या मीटरचं रीडिंग आपल्या घरी कायले लिहून राह्यली? आपल्या बॅटरीले इचार."

बॅटरीला विचारायचं म्हणजे ती पूर्ण उतरवून पाहायची. बाबांचा श्वास जोडून ते करायची माझी छाती नव्हती. बाबांनीच तोड काढली. माळ्यावर त्यांची जुनी पिशवी होती. तीत दोनशे वॅटचे दोन बल्ब निघाले, लाईन तपासायला ते वापरायचे ते. "मशीन जेवढं खाते, तेवढंच हे दोघं मिळून खातेत," ते म्हणाले. मशीन सरळ भिंतीच्या बटणावर घेतलं, यूपीएसला दोन बल्ब जोडले, आणि यूपीएसची पिन काढून घेतली.

भर दुपारी दोन दोनशेचे बल्ब लावून आम्ही बापलेक समोरासमोर बसलो. खोली भट्टीसारखी तापली. दर पाच मिनिटांनी मी व्होल्ट वाचायची आणि बाबा कॅलेंडरच्या मागे लिहायचे. सव्वीस. पंचवीस पॉइंट चार. चोवीस. बराच वेळ चोवीसवरच बसून राहिलं, तेव्हा मी म्हणाले, अजून खूप आहे. बाबा म्हणाले, "आता पाह्य, एकदम पडंन." आणि खरंच, तेवीसनंतर दहा मिनिटांत ते एकवीसवर आलं, बल्ब पिवळे पडले आणि गेले. छप्पन मिनिटं. मी मनात बाबांचं छप्पनावं मिनिट धरून बसले होते. ते मात्र खूश होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःच्या हाताने काहीतरी मोजलं होतं. ते कॅलेंडरचं पान त्यांनी उशीखाली ठेवलं.

मी फाईलमध्ये आमचे आकडे लिहिले. बॅटरी तेवीसवर आली की दुसरा, मोठ्या अक्षरातला मेसेज. आता जायला हरकत नाही, असं म्हणून मी उमरखेडला परतले.

मग सुरू झालं. "लाईन गेली." "लाईन आली." "लाईन गेली." आमच्या गावची लाईन दिवसातून किती वेळा पापणी लववते हे लहानपणी कधी मोजलं नव्हतं. मी प्रॅक्टिकल घेत असायची, टेबलावर फोन थरथरायचा. बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावायचा. "हो वं माय, जागा हावो मी," बाबा म्हणायचे. आई फोनवर पहिलं वाक्य "झोपले नाईत थे" हेच बोलायची. प्राचार्यांनी एकदा बोलावून विचारलं, तुमच्याकडे काही कौटुंबिक अडचण आहे का? मी म्हणाले, लाईनची आहे.

या निरोपांत एक तिसरा होता, "संपर्क तुटला". यूपीएस जुना, वायर जुनी. तासातून चार-पाचदा दोन-तीन सेकंद त्यांची बोलाचाली बंद व्हायची आणि मग आपोआप जुळायची. प्रत्येक वेळी मला दोन मेसेज, तुटला आणि जुळला. आठ दिवस मी सहन केलं. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्याचं जे होतं तेच माझं व्हायला लागलं, मी फोनकडे पाहीनाशी झाले, आणि त्याचीच भीती वाटली. म्हणून मी खोलीवर बसून ड्रायव्हरच्या फाईलमध्ये एका ओळीआधी एक खूण टाकली आणि "संपर्क तुटला" हा निरोप बंद केला. लाईन गेली तेवढं सांग, म्हटलं, तुझं रुसणं-फुगणं सांगू नकोस. ही चूक माझी. कोणाच्याही डोक्यावर फोडता येत नाही.

त्या चुकीचं फळ दिसण्याआधी मात्र सीतादहीचा दिवस आला. आमच्याकडे पहिल्या वेच्याला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून पूजा करतात आणि मगच कापसाला हात लावतात. आई नैवेद्याचं ताट दोन्ही हातांनी धरून गेली आणि फोन घरीच विसरली. साडेअकराला मला मेसेज आला, लाईन गेली. बाबांना फोन लावला, उचलला नाही. आईला लावला, उचलला नाही. पुन्हा बाबांना. घंटी वाजत राहायची आणि माझ्या डोळ्यांपुढे छप्पन मिनिटं उतरत होती. शेजारच्या काकूंना लावला, तो लागेना. वीस मिनिटं मी फोनच लावत होते. मग लॅब तशीच उघडी टाकून स्कूटीला किक मारली.

त्या रस्त्याचं मला फार काही आठवत नाही. महागावच्या अलीकडे कापसाने फुगलेला एक मेटॅडोर समोर होता, मी त्याच्या डावीकडून घुसले आणि गिट्टीवर गाडी घसरली. मी पडले, उठले, आरसा तुटला होता, गाडी चालू झाली. परत निघाले. मनात एकच होतं, गुंगीतला माणूस पाना फिरवत नाही.

बाबा खाटेवर बसून चिवडा खात होते. नळी सिलिंडरला जोडलेली होती. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. त्यांनी लाईन गेल्याबरोबर पाना फिरवला होता आणि फोन आणायला एवढी नळी पुरत नव्हती.

मी दारातच बसून रडले. आधी रडले, मग भांडले. फोन खाटेवर ठेवायला काय होतं, माणसाला अक्कल नको का, सगळं बोलले. बाबा माझ्या कोपराकडे पाहत होते. बाही फाटून रक्त वाळलं होतं.

"किती स्पीडनं आलती?"

"चाळीस."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "लाईन साडेअकराले गेली. वीस मिनिटं फोनची घंटी वाजे, थे आयकू आली मले. आता पावनेएक झाला. पंचावन्न किलोमीटर अन् पंचावन्न मिनिटं, त्यात तू पडली, उठली." ते थोडं थांबले. त्यांना लागोपाठ एवढं बोलवत नाही. "काटा सत्तरच्या खाली नसंन आला."

मी फाटलेली बाही खाली ओढली. त्यांची चिवड्याची वाटी तशीच राहिली.

दिवाळी झाली. मी परत उमरखेडला आले आणि हळूहळू एक नवल घडलं. निरोप यायचे थांबले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. मी बाबांना फोन केला.

"लाईन मस्त हाये आता," ते म्हणाले. "नवा ट्रान्सफॉर्मर बसवला."

लाईनमनने सांगितलं की लाईन मस्त आहे, तर मी कोण शंका घेणार? मी खूश झाले. दोन महिन्यांनी मी सबंध प्रॅक्टिकल आत उभी राहून घेतली. डबा गरम असताना खाल्ला. आठ दिवस असे गेले.

नवव्या दिवशी सकाळी लॅब झाडणाऱ्या बाईंनी विषय काढला. त्या बंजारा समाजाच्या, त्यांचं माहेर आमच्या गावापलीकडच्या तांड्यात आहे. आमच्या गावाची आणि त्यांच्या तांड्याची लाईन एकच. त्या म्हणाल्या, "मॅडम, माही याडी म्हने, आठ दिस झाले, दिवसा चार-चार घंटे लाईन राहत नाई. मोटार चालत नाई. तुमच्याकडं कसं?" याडी म्हणजे त्यांची आई. त्यांनी सहज विचारलं होतं.

मी हातातलं काम सोडलं. खुर्चीत बसून मी लांबूनच घरच्या लॅपटॉपमध्ये शिरले. लॅपटॉप चालू होता, नेट चालू होतं. ड्रायव्हरची नोंद उघडली. संपर्क तुटला. त्याखाली काहीच नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी तुटला तो पुन्हा जुळलाच नव्हता, आणि तुटल्याचं मला कळवायला मीच मनाई केली होती. नऊ दिवस मी ज्याला लाईन असल्याची खूण समजत होते ते नुसतं मुकेपण होतं. रोज चार-चार तास लाईन नव्हती, आई शेतात होती, आणि मी गरम डबा खात होते.

बाबांनी फोन उचलला. आवाज बरा होता. मी काही विचारलं नाही, येते एवढंच म्हणाले. "बसनं ये," ते लगेच म्हणाले. त्यांना कसं कळलं की मला सगळं कळलंय, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. मी बसनेच गेले. फाट्यावर उतरून चालत घर गाठेपर्यंत मी ओठ चावून चावून सोलून काढला होता.

आई नुकतीच शेतातून येत होती. बाबा खाटेवर, मशीन चालू. मी चपलाही न काढता यूपीएसच्या मागे हात घातला. चौकोनी भोक रिकामं. लॅपटॉपकडचंही रिकामं. वायरच नव्हती. उंदराने कुरतडली तर तुकडे तरी राहतात. मी यूपीएस ओढून पाहिला, खाट सरकवली, माळ्यावर शोधलं. दिवाळीची साफसफाई करताना तू फेकलीस म्हणून आईवर तोंड सोडलं. आई म्हणाली, "मी त्या डब्ब्याले हातबी लावत नाई, मले भेव वाटते त्याचं." आणि तिने बाबांकडे पाहिलं.

बाबांनी शर्टाच्या डाव्या खिशात हात घातला. वायर बाहेर काढली. नीट वेटोळं करून तिला दोरा गुंडाळलेला होता.

"तुम्ही काढली?"

"हो."

"काहून?" मी उमरखेडला राहून कितीही शुद्ध बोलत असले तरी रागात माझं बोलणं घरचंच होतं. "मरायचं हाये का तुमाले?"

"पोलवर मानूस असला," ते म्हणाले, "का फ्यूज खिशात."

"इथं पोलवर कोन हाये?"

"तू." त्यांनी दम घेतला. "लाईन गेली का तुले निरोप. निरोप गेला का तू रोडवर. सत्तरनं. अन् मी इथं खाटीवर. आता कोनते फ्यूज काढू मी? हेच होतं माह्या हाती."

मी किंचाळले. हो, किंचाळलेच. नऊ दिवसांत तुम्ही झोपेत गेला असता तर? आई शेतात, मी तिकडे, कोणाला पत्ता लागला असता?

बाबा अगदी साधेपणाने म्हणाले, "मंग कायची घाई? तुले कोनी दुसऱ्यानं सांगतलं असतं. हळू आली असती."

आई पदराने तोंड झाकून आत निघून गेली. मी त्यांच्या पायांशी बसले. कोपराची जखम भरली होती, तिथे नवी कातडी गुलाबी दिसत होती. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला. त्या अंगठ्यावर जुन्या भाजण्याचे पांढरे डाग आहेत.

"वायर द्या, बाबा."

"देतो. पन एक आयकाचं."

त्यांनी जे सांगितलं ते मी मान्य केलं, कारण ते बरोबर होतं. लाईन गेली की मी बाबांना, आईला, शेजारच्या काकूंना आणि काकूंच्या घरातल्या प्रत्येकाला फोन लावीन, पण गाडीला हात लावणार नाही. फोन त्यांच्या उशाशी राहील. आईच्या कमरेला कापडी पिशवी राहील आणि तिचा फोन त्या पिशवीत. दुसऱ्या दिवशी मी काकूंना पाना फिरवायला शिकवलं. आणि मी रस्त्यावर असेन तेवढा वेळ, येताना आणि जाताना, वायर बाबांच्या खिशात राहील. गाडी हाकताना मला निरोप येता कामा नये. मी पोचले असं कळवलं की ते वायर लावतील. तोवर आई घरी बसेल, शेतात जाणार नाही.

मी माझ्याकडून एक केलं. फाईलमधली ती खूण पुसली. संपर्क तुटल्याचा निरोप पुन्हा सुरू केला. दोन सेकंदांच्या रुसण्याने मला पिडू नये म्हणून जुनी वायर बदलून बरी वायर आणली आणि पूर्ण एक मिनिट तुटला तरच कळव, असं लिहिलं. जुन्या वायरचं वेटोळं बाबांनी परत खिशात ठेवायला घेतलं, मग हसून मला दिलं.

आता दर सोमवारी सकाळी मी घरून निघते. बाबा खाटेवरून हात लांबवून वायर उपसतात आणि खिशात टाकतात. फाटा यायच्या आत माझ्या पिशवीत फोन एकदा थरथरतो. तो संपर्क तुटल्याचा असतो, मला माहीत असतं, मी थांबून पाहत नाही. पण त्यापुढे खोलीवर पोचेपर्यंत मला घरचं काहीही कळणार नसतं. लाईन असेल, नसेल, आई उंबऱ्यात बसलेली असेल. सुरुवातीला हे मला असह्य व्हायचं. अजूनही होतं. पण काटा चाळीसच्या पुढे जाऊ देत नाही, कारण पोचण्याची वेळ बाबा घड्याळात पाहतात आणि त्यांचं गणित चुकत नाही.

खोलीवर पोचले की गाडी भिंतीला लावून मी फोन करते. "पोचली, बाबा." ते "बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात. मग त्यांना कुशीवर वळावं लागतं, खिशातून वायर काढावी लागते, यूपीएसच्या मागचं चौकोनी भोक बोटांनी चाचपावं लागतं, आणि मध्ये दोनदा दम घ्यावा लागतो. कधी दोन मिनिटं लागतात, मागच्या सोमवारी सात लागली. मी दाराशी उभी राहून फोनकडे पाहते. "संपर्क जुळला" असं येईपर्यंत डोक्यावरचं हेल्मेट काढत नाही.